कोऱ्या पडद्यामागचे खण

साल दोन हजार चौदा. मला सत्तर पुरी झाली होती. त्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बायको म्हणाली, "आता दुकान बंद करू."

मी काही दुकान बंद करणारा माणूस नव्हे. शाळा चौथीपर्यंत शिकलो. पुढे कोकणातल्या आमच्या खाडीवरून मुंबई गाठली आणि बोटीवर लागलो, इंजिनखोलीत तेलपाणी करायला. हॅम्बर्गच्या धक्क्यावर आमची बोट एकदा दुरुस्तीला अडकून पडली, तेव्हा फाटका सदरा शिवायला एका मुलीकडे टाकला होता. तिचं शिलाई मशीन धागा खात होतं. मी ते उघडलं, साफ केलं, चालू करून दिलं. सदरा तिनं फुकट शिवला. पुढे बोट गेली आणि मी राहिलो. ती मुलगी म्हणजे माझी बायको. शिलाई मशीन दुरुस्तीचं हे दुकानही तसंच सुरू झालं आणि चाळीसेक वर्षं चाललं. वर घर, खाली दुकान. शटर सकाळी मीच वर करायचं, दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला खपत नाही.

माझ्या आईला भेटायला आम्ही एकदाच गावी गेलो होतो. तिथे सगळ्या बायका नवऱ्याला अहो म्हणतात हे बायकोनं ऐकलं आणि तेव्हापासून ती मला अहोच म्हणते. बाकी सगळं जर्मन आणि मधेच अहो. शेजाऱ्यांना वाटतं तेच माझं नाव. पोस्टमनसुद्धा एकदा म्हणाला, "गुटन मॉर्गन, हेर अहो," म्हणजे सुप्रभात, अहोसाहेब. मी दुरुस्त केलं नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण आहेत. त्यात जुन्या मशीनांचे सुटे भाग: शटल, बॉबिनच्या डब्या, दाते, पट्टे, सुईदांड्या. खणांवर नावं नाहीत, नुसते आकडे. कारण माझी पद्धत अशी, की जो खण रिकामा सापडेल त्यात हातातली वस्तू टाकायची. कुठे काय ते माझ्या डोक्यात. साठीच्या आसपास डोकं दगा द्यायला लागलं, एका पट्ट्यासाठी अर्धी भिंत उपसायची वेळ आली, तेव्हा बायको संध्याकाळच्या वर्गाला गेली आणि कॉम्प्युटर शिकून आली. मग मी शिडीवर आणि ती खाली खुर्चीवर, असं करत करत आम्ही सगळी भिंत त्या पेटीत उतरवली. मी ओरडायचं, तिनं टाइप करायचं. नुसते खण नाहीत, आलेलं प्रत्येक मशीन, त्याचा मालक, मी काय केलं, कुठला भाग कुठून काढला, सगळं.

पडद्यावर एका वेळी एक कार्ड दिसायचं. त्या पानाला फॉर्म म्हणतात. बाणावर दाबलं की पुढचं कार्ड. मी त्या पेटीकडे पाहत नसे. मला ती आवडत नव्हती. दुकानात इंटरनेटसुद्धा मी घेऊ दिलं नाही. हवामान बघायचं असेल तर दार उघडावं, पाऊस पडतच असतो.

त्या उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर मेला. ओळखीच्या एका तंत्रज्ञानं नवा बसवला, रुंद पडद्याचा, आणि फॉर्मही नवा करून दिला. माणूस चांगला. कुणाचा चुकून हात लागून रिकामी कार्डं तयार होऊ नयेत म्हणून त्यानं नवीन कार्डासाठी वेगळं बटण ठेवलं आणि फॉर्मच्या डोक्यावर गिऱ्हाईक शोधायची चौकट दिली. पैसे घेतले आणि ऑक्टोबर लागताच सहकुटुंब स्पेनला सुट्टीवर गेला.

आता दसरा. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. मी बोटीवर असताना पान्याची केली आहे, हिंदी महासागरात, झेंडूच्या जागी कागदाचं फूल ठेवून. दुकानात तर दर वर्षी करतो. स्क्रूड्रायव्हर, तेलाची चोचीची डबी, पक्कड आणि बायकोचं ते पहिलं मशीन, सगळं मांडून हळदकुंकू, फूल. त्या वर्षी दसरा नेमका इथल्या सरकारी सुट्टीच्या दिवशी आला. शटर खाली, गल्लीत शांतता, मनासारखी पूजा झाली. फार पूर्वी बायकोनं विचारलं होतं, "आणि कॉम्प्युटर?" मी म्हणालो होतो, "ते हत्यार नाही. ती तुझी खेळायची पेटी." तिनं पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं. एक म्हातारी गिऱ्हाईक आली, तिच्या मशीनच्या चाकाचा पट्टा हवा होता. मी सवयीनं ओरडलो, "अगं, कुठला खण?"

मी पुन्हा हाक मारली.

"अगं, ऐकलंस का?"

मागे वळून पाहिलं तर बायको पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. पडद्यावर वर एक निळी पट्टी, तिच्यात ती शोधायची चौकट, आणि खाली सगळं राखाडी. कार्ड नाही, नाव नाही, काही नाही. पावसाळी दिवशी एल्बे नदी दिसते तसं.

गिऱ्हाइकाला मी सोमवारी या म्हणून सांगितलं. बायकोनं कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, तीन-चारदा. दर वेळी तीच राखाडी नदी. तंत्रज्ञाचा फोन नुसता घंटी वाजवून थांबायचा.

"अहो," ती म्हणाली, "मी पुसलं सगळं."

"कधी?"

"तेच तर. आठवत नाही."

"पुसलंस तर आठवेल की."

"काल मी इथे बसले होते. एक प्रश्न आला होता, त्याला मी जा म्हटलं." जर्मनमध्ये जा म्हणजे हो. "पण एवढं सगळं पुसायला एक जा पुरणार नाही. शंभरदा दाबायला हवं. आणि मला त्यातलं एकही आठवत नाही." मग थांबून म्हणाली, "माझ्या आईचं असंच सुरू झालं."

तिच्या आईचं मी पाहिलेलं आहे. शेवटची वर्षं ती आमच्याकडेच होती. आधी चाव्या हरवल्या, मग दूध करपायला लागलं, मग मुलीला ती नर्स म्हणून हाक मारू लागली. आमच्या हिनं तिचं सगळं केलं, न बोलता, पण भीती तेव्हापासून तिच्या पोटात बसली होती. त्या महिन्यात तिची छत्री यू-बानमध्ये, म्हणजे भुयारी गाडीत, राहिली होती. त्याला मी हसलो होतो. या शहरात छत्री न विसरलेला माणूस दाखवा. पण ती हसली नव्हती.

तिनं खुर्ची मागे सारली, चष्मा डबीत घातला, आणि दुकानाची तिची चावी खिळ्याला लावली. "दुकान बंद करू. हे पुन्हा मी टाइप करणार नाही. केलं तरी कशावरून पुन्हा पुसणार नाही? मी त्या मशीनला हात लावणार नाही, अहो. तुम्हीही लावू नका."

आता मला हात लावू नका म्हटलं की काय होतं, ते माझ्या मुलीला विचारा.

मुलगी दूर एश्बॉर्नला असते, ऑफिसांच्या उंच इमारतींत, कॉम्प्युटरचंच काम करते. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. लहानपणापासून तसंच. मी मराठीत रागावायचो आणि ती जर्मनमध्ये रुसायची. इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहितो, वाचणाऱ्याची सोय म्हणून.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बायको वर आडवी झाली. मी खाली दुकानात गेलो, शटर न उघडता दिवा लावला, तिच्या खुर्चीत बसलो आणि मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? मामा बरी आहे ना?" आईला ती जर्मन मुलांसारखी मामा म्हणते.

"मामा बरी आहे. तिची पेटी आजारी आहे. सांग कशी उघडायची."

"तुम्ही? कॉम्प्युटरला?"

"मी बोटीचं इंजिन उघडलंय."

"जा, बाबा, ते मला माहीत आहे." शाळेपासून ऐकतेय, हे ती म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं. "आल्झो, तर पहिली गोष्ट. काही करायच्या आधी फाइलची कॉपी करा."

"कशाला? आधी बघू तरी."

"आधी कॉपी. नाहीतर मी फोन ठेवते."

माझीच मुलगी आहे. केली कॉपी. एक चित्र पकडायचं, बोट दाबायचं, शब्द निवडायचा, पुन्हा दुसरीकडे सोडायचं. सुईत दोरा ओवायला मला अजून चष्मा लागत नाही, पण तो माऊसचा बाण काही केल्या जागेवर उभा राहीना. चित्र एकदा कचऱ्याच्या डब्याजवळ गेलं तेव्हा मुलगी अशी किंचाळली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

मग तिनं विचारलं, "आता काय दिसतं ते सांगा. रिकाम्या चौकटी दिसतात का? म्हणजे गिऱ्हाईक, खण, अशी नावं आहेत आणि पुढे काही लिहिलेलं नाही, असं?"

"नावं नाहीत. चौकटी नाहीत. वर निळी पट्टी, खाली नदी."

"कुठली नदी?"

"राखाडी."

"पडदा नवा आहे ना? कदाचित फॉर्म बाजूला पडला असेल, पडद्याच्या बाहेर. खाली आडवी पट्टी आहे, ती ओढून बघा."

ओढली. नदीच नदी.

ती म्हणाली, "बाबा, हे कदाचित चांगलं लक्षण आहे. तो फॉर्म फक्त दाखवतो. कार्डं त्याच्यात नसतात. दाखवायला एकही कार्ड सापडलं नाही आणि नवीन बनवायची परवानगी नाही, तर तो असाच अख्खा कोरा होतो. चौकटीसुद्धा काढत नाही. म्हणजे एकतर कार्डं खरंच गेली, नाहीतर ती आहेत आणि त्याला दिसत नाहीत."

मी म्हणालो, "म्हणजे बोटीच्या खिडकीवर लोखंडी झाकण असतं ना, वादळात लावायचं. ते लागलं म्हणून समुद्र आटत नाही."

"गेनाऊ. अगदी तसंच."

"मग समुद्र कुठे बघायचा?"

"शिफ्टचं बटण दाबून धरा. दाबलेलं ठेवूनच फाइल उघडा. सोडू नका."

मी असं दाबलं की बटण आत जाईल की काय असं वाटलं. फाइल उघडली, पण या वेळी फॉर्म आला नाही. डाव्या बाजूला नावांची एक यादी उघडली, आधी कधी न दिसलेली. जहाजाच्या डेकवरची जाळी उचलली की खाली शिडी दिसते, तशी. तिनं सांगितलं, टाबेलन म्हणजे तक्ते असं लिहिलंय त्याच्याखाली पहिल्या नावावर दोनदा टिचकी. मी टिचकी मारली. नाही झालं. "पटपट, बाबा, दार ठोठावताय का?" पटपट मारली.

आणि ते आलं.

कसं सांगू? चौकटी नाहीत, रंग नाही, निळी पट्टी नाही. नुसत्या ओळी, एकीखाली एक, पडदाभर. मी खालचा बाण दाबून धरला आणि ओळी वर सरकायला लागल्या, सरकतच राहिल्या. दर ओळ म्हणजे एक मशीन. माझं जर्मन वाचन बोट ठेवून चालतं, तरी नावं ओळखीची, म्हणून झरझर कळत गेलं. ती आजी, जिनं लढाईनंतर आपलं काळं मशीन लहान मुलाच्या ढकलगाडीत घालून या शहरात आणलं होतं. नाटकवाल्यांचे पोशाख शिवणारी बाई. बंदरातला शीड शिवणारा, ज्याच्या मशीनच्या सुया माझ्या करंगळीएवढ्या. किती तरी जण आता नाहीत. मशीनं विकली गेली असतील, पण इथे सगळी उभी होती, आपापल्या खणाच्या आकड्यासह, कुणीही जागचं हललेलं नव्हतं.

"बाबा? काय दिसतं? आहेत का?"

मी रिकाम्या दुकानात त्या पेटीसमोर तोंड उघडं टाकून बसलो होतो. भर समुद्रात एकदा सगळ्या बोटीचे दिवे गेले होते. मी इंजिनखोलीतून वर आलो होतो आणि मान वर केली होती, तसं झालं. तिथे चांदणं असतंच रोज. आपला दिवा ते दिसू देत नाही.

"आहेत," मी म्हणालो. "सगळी आहेत."

"देवा," मुलगी म्हणाली, आणि हे मात्र मराठीत.

शेवटच्या रकान्यात बायकोनं शेरे लिहिले होते. मी तो रकाना कधी पाहिला नव्हता. एका ओळीत होतं, गिऱ्हाईक बडबडं, कॉफी विचारू नये. एकात, हा म्हणतो, मशीन ठणठणीत आहे, बाई घाईची आहे. आणखी एकात, हा म्हणतो, या मशीनला तेल नको, विश्रांती हवी. हा म्हणजे मी. मी कामाच्या नादात काय काय बरळतो ते मला स्वतःला माहीत नसतं. तिनं ते टिपून ठेवलं होतं, सुट्या भागांच्या शेजारी.

मुलीनं मला जागेवर आणलं. "आता फॉर्म उघडा. यादीत खाली आहे. आणि उघडल्यावर पडद्याच्या अगदी तळाशी बघा. बाणांच्या शेजारी काही लिहिलंय का?"

तळाशी बारीक अक्षरं होती. मी बोट ठेवून वाचलं. "गेफिल्टर्ट."

"बाबा!" ती ओरडली. "गाळणी लागली आहे! कुणीतरी काहीतरी शोधलं, ते नाव सापडलं नाही, आणि तेव्हापासून तो फॉर्म फक्त त्याच नावाची कार्डं दाखवायला बसलाय. एकही नाही, म्हणून कोरा. टिचकी मारा त्या शब्दावर."

मारली. आणि कार्ड समोर उभं राहिलं, चौकटी, नाव, खण, सगळं, जणू कुठे गेलंच नव्हतं. मी टाळी वाजवली. सत्तर वर्षांचा माणूस, एकटा, बंद दुकानात.

"थांबा," ती म्हणाली. "फाइल बंद करा आणि नेहमीसारखी उघडा."

उघडली. पुन्हा नदी.

"वाटलंच. गाळणी फॉर्मबरोबर साठवली गेली आहे. उघडलं की पुन्हा लागते. तिला मुळातून काढू."

मग पुन्हा शिफ्ट, आणि फॉर्मची पाठ उघडायची, म्हणजे तो जिथे शिवलेला दिसतो ती बाजू. कपडा उलटा केल्यावर टाके दिसतात ना, तसंच ते: रेघा, ठिपके, चौकटींचे सांगाडे. उजवीकडे एक लांब पट्टी उघडली, फॉर्मला काय काय सांगून ठेवलंय त्याची. मुलगी म्हणाली, "गाळणीच्या ओळीत काय लिहिलंय ते अक्षरं लावून वाचा. म्हणजे मामानं काय शोधलं ते कळेल."

मी वाचायला लागलो. आधी गिऱ्हाइकासाठीचा जर्मन शब्द, मग काही खुणा, तारे, आणि ताऱ्यांच्या मध्ये रोमन अक्षरं. एस. एच. आर. आय.

"श्रि?" मुलगी म्हणाली. "हे कुणाचं नाव आहे? कुणी भारतीय गिऱ्हाईक?"

मी अक्षरांवरचं बोट काढलं नाही. फोनमध्ये ती हॅलो हॅलो करत होती.

तेवढ्यात आतल्या जिन्यावर पावलं वाजली. बायको ट्रे घेऊन खाली आली, कॉफी आणि प्लमचा केक, रविवारचा. मला तिच्या खुर्चीत बघून ती दारातच थांबली. "अहो. सांगितलं होतं ना, हात लावू नका."

मी म्हणालो, "दसऱ्याच्या दिवशी मी पूजा करत होतो तेव्हा तू इथे काय लिहिलंस?"

"काही नाही."

"वरच्या चौकटीत. श्री लिहिलंस?"

तिनं ट्रे कामाच्या टेबलावर ठेवला. तिचे कान लाल झाले. चाळीस वर्षांत ते अजून तसेच लाल होतात. "दर वर्षी लिहिते," ती म्हणाली. "जुन्या फॉर्मवर तिथे मोकळी चौकट होती. लिहायचं, हात जोडायचे, बंद करायचं. बंद केलं की आपोआप पुसलं जायचं. तुम्ही पाठमोरे असायचात."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या आईनं. गावी पाटी धरून माझ्याकडून गिरवून घेतलं होतं. म्हणाल्या, काही सुरू करायच्या आधी हे लिहायचं, आणि दसऱ्याला तर लिहायचंच. तुम्ही म्हणालात कॉम्प्युटर हत्यार नाही. पण माझं तेच हत्यार आहे. मग म्हटलं, मीच करते."

त्या खाडीवरचं सगळं मी एकट्यानं इथवर वाहून आणलं असा माझा ताठा होता. पोरीला मराठी बोलता येत नाही, बायको सण मानते पण तिला कळत नाही, असं मी धरून चाललो होतो. आणि माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, ही बाई वर्षानुवर्षं माझ्या आईनं शिकवलेलं अक्षर लिहून हात जोडत होती. कुणाला न सांगता. मला त्या पेटीबद्दल आणि तिच्याबद्दल एकदमच भीतीमिश्रित आदर वाटला. बोटीवर पहिल्यांदा मोठं इंजिन सुरू होताना पाहिलं होतं, तेव्हा असाच वाटला होता.

फोनमधून मुलीनं सगळं ऐकलं होतं. "मामा," ती म्हणाली, "नव्या फॉर्ममध्ये ती शोधायची चौकट आहे. तू श्री लिहून एंटर दाबलंस, त्यानं त्या नावाचं गिऱ्हाईक शोधलं. लिहिलेलंही दिसेनासं झालं, कारण फॉर्म कोरा झाला की वरची चौकटही कोरी दिसते. मग बंद करताना त्यानं विचारलं, साठवू का? तू म्हणालीस जा. बस. एवढंच. तू काहीच पुसलेलं नाहीस."

"शंभरदा जा दाबलं नाही?"

"एकदाच."

"ते एकदा मला आठवतं," बायको म्हणाली.

"गेनाऊ. कारण तेवढंच झालं होतं."

बायको खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "म्हणजे मी विसरले नव्हते."

"तू काय विसरणार," मी म्हणालो. "मी शिडीवर काय बरळलो तेसुद्धा तुझ्याकडे लिहून ठेवलंय. मशीनला तेल नको, विश्रांती हवी, हे मी कधी म्हणालो?"

"त्या बेकरीवाल्याच्या बायकोच्या मशीनला. मंगळवार होता. तुम्हाला सर्दी झाली होती."

"आणि कॉफी विचारू नये, हे कुणासाठी?"

"तुमच्या मित्रासाठी. दीड तास बसला होता."

फोनमध्ये मुलगी हसत सुटली. गाळणीची ओळ पुसायचं काम मग बायकोनंच केलं. मला उठवलं, डबीतून चष्मा काढला, मुलीनं सांगायच्या आधीच दोन टिचक्यांत ते झालं. उघडताना गाळणी लावायची का, तिथे जा होतं, तिथे नाइन, म्हणजे नाही, केलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. कार्ड. पुन्हा बंद, पुन्हा उघडलं. कार्ड. तिनं ते इतक्यांदा केलं की केकवर माशी बसायची वेळ आली. दर वेळी ते पान उजळायचं आणि दर वेळी आम्ही दोघं नवीन बघितल्यासारखे बघायचो.

"बाबा," फोन ठेवायच्या आधी मुलगी म्हणाली, आणि मग तिनं अडखळत, एकेक शब्द जोडत मराठीत विचारलं, "श्री कसं लिहायचं? मला दाखवाल? ख्रिसमसला आले की?"

"पाटी लागेल," मी म्हणालो.

"एश्बॉर्नला पाटी मिळत नाही."

"मी शोधतो."

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी मी बायकोच्या आधी खाली उतरलो. बाहेर पाऊस होता. दसऱ्याचं ताट अजून कपाटावरच होतं, झेंडू सुकलेला, कुंकू डबीत. खिळ्यावरची तिची चावी काढून मी तिच्या कीबोर्डशेजारी ठेवली. कामाच्या टेबलावरचा शिंपीकामाचा चपटा पांढरा खडू घेतला आणि त्या रुंद पडद्याच्या काळ्या चौकटीवर, वर मधोमध, चौथीतल्या अक्षरात श्री लिहिलं. काचेला हात लागू दिला नाही. मग ओलं कुंकू त्याच्याखाली टेकवलं, एक सुकं फूल ठेवलं आणि हात जोडले.

बायको जिना उतरून आली. तिनं श्री पाहिलं, फूल पाहिलं. "अहो, दसरा होऊन गेला," म्हणाली, आणि चावी उचलून खिशात टाकली.

मी शटरकडे गेलो, अर्धं उचललं आणि थांबलो. "ये," म्हटलं, "उरलेलं तू उचल." तिनं उचललं. बाहेर पट्ट्यासाठी आलेली म्हातारी छत्री मिटत उभीच होती.

मी शिडी भिंतीला लावली आणि पाठमोरा ओरडलो, "अगं, कुठला खण?"